लिलावाची वेळ कोणाची?



बिडी कामगारांच्या संघटनेत ज्याची हयात गेली अशा माणसाने खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांवर आणि त्यांच्या मोबाइलवर चालणाऱ्या लिलावांवर बोलावे, हे पत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे शिक्षण मजुरीच्या हिशेबांनी, कामगार न्यायालयातल्या कागदांनी आणि वाचनालयाच्या कपाटांनी केले. तेव्हा या विषयावर मी बोलणार आहे तो कार्डांचा जाणकार म्हणून नव्हे. व्यवहार ठरलेल्या नियमाने चालतो की नाही, हे पाहण्याची सवय लागलेला माणूस म्हणून बोलणार आहे.

विषय असा की, जाहीर केलेल्या वेळेपूर्वीच लिलाव बंद होतो. वस्तू मांडलेली असते, बोली चढत असते, ‘रविवारी रात्री दहाला समाप्ती’ असे लिहिलेले असते. आणि रविवारी दुपारी पाहावे तर लिलाव नाहीसा. कारण विचारले तर एक ओळ: ‘ही वस्तू आता उपलब्ध नाही.’ यात खोट असते काय, असली तर ती कशी ओळखावी, आणि तिच्याशी तुमचा-माझा काय संबंध, एवढे तीन प्रश्न मी आज हाती घेणार आहे.

प्रथम लिलाव म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. आपल्या विदर्भात जुनी माणसे हर्रास म्हणतात. दुकानात किंमत दुकानदार सांगतो आणि आपण घासाघीस करतो. लिलावात ती जमलेली मंडळी ठरवितात. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असे पुकारले की सौदा पक्का. अशा विक्रीला तीन गोष्टी लागतात. माल सर्वांना दिसला पाहिजे. बोली सर्वांना कळली पाहिजे. आणि वेळ सर्वांना ठाऊक असली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टींविषयी आपण जागरूक असतो. तिसरीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही, कारण वेळ ही वस्तूसारखी हातात धरता येत नाही. पण विचार करा: मालदार माणसाजवळ पैसा जास्त असतो, जुन्या व्यापाऱ्याजवळ माहिती जास्त असते, गावच्या पुढाऱ्याजवळ ओळखी जास्त असतात. लिलावात सर्वांजवळ सारखी अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. दहा वाजेपर्यंत म्हटले की ते दहा श्रीमंताचेही आणि हमालाचेही.

आणि एकदा हातोडा पडला की तोही सर्वांना सारखाच बांधतो. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलच्या खेळाडूंचा लिलाव झाला. मुंबईच्या मल्लिका सागर लिलाव पुकारीत होत्या. शशांक सिंग या खेळाडूवर २० लाखांच्या मूळ किमतीला पंजाबच्या संघाने बोली लावली, आणि हातोडा पडल्यावर त्या टेबलावर गोंधळ दिसला; हवा होता तो हा नव्हे, असे वाटण्यासारखा. पण हातोडा पडला होता, म्हणून सौदा कायम राहिला. एकाच नावाचे दोन खेळाडू यादीत असल्याने घोटाळा झाला, आम्हांला हवा होता तो हाच, असा खुलासा संघाने मागाहून केला. पुढे ४ एप्रिल २०२४ रोजी अहमदाबादेस त्याच शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा काढून सामना जिंकून दिला, हे इथल्या तरुणांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सांगावयाचे एवढेच की, कोट्यधीश मालकालाही ‘तीन वार’ मोडता येत नाही. मग ‘तीन वार’ होण्यापूर्वीच मंडप गुंडाळण्याची मोकळीक कोणाला का असावी?

आता कार्डांकडे वळू. या कार्डांचे कूळ तंबाखूचे आहे, आणि बिडीच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचे विशेष वाटते. सिगारेटचे पाकीट मऊ. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून जाड कागदाचा एक तुकडा घालीत. पुढे त्या तुकड्यावर नटनट्यांची, सैनिकांची, खेळाडूंची चित्रे छापली, म्हणजे संच पुरा करण्याच्या नादाने गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा घेई. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचा संच काढला. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या कंपन्यांनी बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डे काढली. त्यांत होनस वॅग्नर नावाचा एक खेळाडू होता. कोळशाच्या खाणीत लहानपणी काम केलेला हा पेनसिल्व्हेनियाचा माणूस. त्याने आपले कार्ड छापण्यास हरकत घेतली. कोणी म्हणतात, पोरांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून. कोणी म्हणतात, मोबदला मिळाला नाही म्हणून. कारण काही असो, छपाई थांबली, कार्डे थोडीच बाहेर पडली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांतले एक साडेबाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. त्याच महिन्यात मिकी मँटल या खेळाडूच्या १९५२ च्या कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर आले.

आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. माझ्या वयाच्या मंडळींनी ती दप्तरात लपविली असतील आणि आईने ती चुलीत घातली असतील. आज अशी जुनी कार्डे, सह्या केलेल्या बॅटी, सामन्यांची तिकिटे हौसेने जमविणारी मुले नागपूर-पुण्यातच नव्हे, तर आपल्या तालुक्याच्या गावांतही आहेत. पगारातले पाचशे-हजार बाजूला टाकून ती बोली लावतात. हा नाद वाईट असे मी म्हणणार नाही. दारू-सट्ट्यापेक्षा तो पुष्कळ बरा.

हे लिलाव आता संगणकावर चालतात. १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलेली विक्रीची जागा पुढे ‘ईबे’ या नावाने जगभर पसरली. तिथे पहिल्याने विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडकी लेझर दिव्याची कांडी, ती १४ डॉलर ८३ सेंटांना गेली. २००४ मध्ये ईबेने आपल्याकडची ‘बाझी’ ही कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये भारतातले ते दुकान बंद झाले. पण परदेशातल्या जागांवर आपली मुले बोली लावतातच. या पद्धतीत हातोडा घड्याळाच्या हाती असतो. सात दिवस किंवा दहा दिवस मुदत, आणि काटा त्या क्षणाला आला की सर्वांत वरची बोली जिंकली. त्यामुळे शहाणे गिऱ्हाईक आधी गप्प बसते आणि शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकते. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी बोली कमी दिसत असेल, तर त्यावरून खरी किंमत कळत नाही. खरा बाजार अखेरच्या पाच मिनिटांत भरावयाचा असतो. वेळेआधी लिलाव मोडणे म्हणजे बाजार भरण्यापूर्वीच उठविणे होय.

आमच्या एका बिडी कामगार भगिनीचा मुलगा नागपुरास नोकरी करतो. एका जुन्या भारतीय खेळाडूच्या कार्डावर त्याने बोली लावली होती. समाप्ती रात्रीची होती. दुपारी लिलाव बंद झाला. दोन आठवड्यांनी तेच कार्ड दुसऱ्या विक्रेत्याच्या नावावर सुमारे तिप्पट किमतीला आले. तेच हे कशावरून, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘काका, तपासलेली कार्डे पारदर्शक डबीत बंद करून त्यांवर क्रमांक देतात, क्रमांक तोच आहे.’ मुलगा संतापला होता आणि ‘हे चोर आहेत’ असे म्हणत होता.

बंधुभगिनींनो, यावरून चोरी सिद्ध होत नाही. संघटनेच्या कामात मी एक गोष्ट शिकलो: शंका हा तक्रारीचा आरंभ आहे, निकाल नव्हे. लिलाव वेळेआधी बंद होण्याची सरळ कारणेही असतात. कार्ड हाताळताना फाटले असेल. वर्णनात चूक सापडली असेल. घरात चोरी झाली असेल. विक्रेत्याने तीच वस्तू आपल्या दुकानातही मांडली असेल आणि ती तिथे गेली असेल. हा निष्काळजीपणा झाला, पण कपट नव्हे. म्हणून आधी चार खुणा पाहाव्यात. पहिली, बोली लागलेली असताना अखेरच्या काही तासांतच लिलाव मोडला काय? दुसरी, कारण दिले ते नेमके आहे की कोठेही चिकटविता येईल असे? तिसरी, तीच वस्तू, तोच क्रमांक, तेच छायाचित्र पुन्हा जास्त किमतीने आले काय? चौथी, त्याच विक्रेत्याने पूर्वीही असेच केले आहे काय? एक खूण जुळली तर गप्प बसावे आणि लक्ष ठेवावे. चारही जुळल्या तर कागद तयार करून तक्रार करावी. कागद म्हणजे काय, तर बोलीचे पान वेळेसह टिपलेले, क्रमांक लिहून घेतलेला, झालेला पत्रव्यवहार जपलेला. ‘सर्वांना माहीत आहे’ हा पुरावा कोणत्याही दरबारात चालत नाही.

या खुणा जुळल्या तर आत काय घडलेले असते? बहुधा दोहोंपैकी एक. विक्रेत्याने सुरुवातीची किंमत मुद्दाम कमी ठेवून गर्दी जमविली आणि बोली मनासारखी चढेना म्हणून घाबरून माघार घेतली. किंवा कोणी जाणकाराने त्याला खासगी निरोप पाठविला: ‘लिलाव मोड, मी आत्ता इतके देतो.’ पहिल्या विक्रेत्याला साधा, प्रामाणिक मार्ग मोकळा होता. ज्या किमतीखाली विकावयाचे नाही ती राखीव किंमत त्याने आरंभीच जाहीर करावयाची. म्हणजे कोणाची फसगत नाही.

दुसऱ्या प्रकाराकडे मात्र नीट पाहा. आपल्याला वाटते, यात बोली लावणारे फसले आणि विक्रेता फायद्यात राहिला. पुष्कळदा उलट असते. समजा एखाद्या म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या पेटीत जुनी कार्डे सापडली. तिला त्यांतले काही कळत नाही. तिने ती लिलावात मांडली. ज्याला किंमत ठाऊक आहे तो रात्रीपर्यंत थांबत नाही, कारण रात्री त्याच्यासारखे आणखी दहाजण येणार हे त्याला ठाऊक असते. त्याची घाई हीच वस्तूच्या मोलाची साक्ष असते. बाईला दोन हजार मोठे वाटतात. वस्तू वीस हजारांची असते. इतर बोलीवाल्यांची संधी गेली आणि बाईचे अठरा हजार गेले. लिलाव हा न जाणणाऱ्या विक्रेत्याचे संरक्षण असतो. त्याला वस्तूची पारख नसली तरी चालते; पारख असलेल्यांना एकमेकांसमोर उभे केले म्हणजे त्यांच्या चढाओढीतून किंमत बाहेर येते. लिलाव मोडणारा जाणकार हे संरक्षण काढून घेतो. आपल्या भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी नावाजलेली. घरोघरच्या जुन्या घागरी आणि हंडे दारावर आलेल्या माणसाला किलोच्या भावाने देताना आपण हाच सौदा करीत नाही काय?

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे माल विक्रीचा कायदा १९३० चा आहे. त्याच्या ६४ व्या कलमात लिलावाचे नियम आहेत. हातोडा पडल्यावर किंवा रूढीप्रमाणे घोषणा झाल्यावर विक्री पुरी होते. तोपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली परत घेता येते. विक्रेत्याने आगाऊ जाहीर केल्याशिवाय स्वतः बोली लावू नये किंवा आपला माणूस बसवू नये. खोटी बोली लावून किंमत चढविली तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. पण वेळेआधी लिलाव मोडला तर काय, याचे सरळ उत्तर या कलमात नाही. इंग्रजी न्यायालयापुढे १८७३ मध्ये हॅरिस विरुद्ध निकर्सन असा खटला आला. जाहिरात वाचून एक गृहस्थ लंडनहून दूरगावी लिलावाला गेला आणि त्याला हवे असलेले सामान लिलावातून काढून घेतलेले आढळले. त्याने प्रवासखर्च मागितला. न्यायालयाने नाही म्हटले. लिलावाची जाहिरात म्हणजे विकण्याचे वचन नव्हे, असा निकाल दिला.

तो काळ दवंडीचा होता. संगणकावरच्या लिलावात प्रत्येक विक्रेता आरंभीच नियमांना मान्यता देतो, आणि तिथे न्यायालये वेगळा विचार करू लागली आहेत. जर्मनीचे उदाहरण फार बोलके आहे. एकाने आपली जुनी फोक्सवागेन पासाट गाडी ईबेवर एक युरोपासून लिलावाला ठेवली. एका गिऱ्हाईकाने ५५५ युरो ५५ सेंटांपर्यंत जाण्याची तयारी ठेवून बोली लावली. काही तासांत विक्रेत्याने लिलाव मोडला, कारण बाहेर त्याला ४,२०० युरो देणारा भेटला होता. त्या वेळी पडद्यावरची बोली होती एक युरो. गिऱ्हाईक न्यायालयात गेले. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की, सौदा एक युरोला झालाच आहे. गाडीची किंमत ५,२५० युरो धरली होती, तेव्हा नुकसानभरपाई ५,२४९ युरो. कमी किमतीपासून आरंभ करण्याचा धोका विक्रेत्याने स्वतः पत्करला होता. बाहेर जास्त मिळाले हे लिलाव मोडण्याचे कारण होत नाही. आणि याच न्यायालयाने २०११ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात, कॅमेरा चोरीला गेला म्हणून लिलाव मोडणाऱ्या विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला होता, कारण नियमांत ती सवलत होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवा. कारण खरे आणि नियमात बसणारे असेल तर सूट आहे. लोभ हे कारण नाही. माझ्या सातवीच्या बुद्धीलाही हा न्याय पटतो.

शंकेचे रूपांतर पुराव्यात झाले म्हणजे काय होते, हेही सांगतो. मघा ज्या वॅग्नरच्या कार्डाचा उल्लेख केला, त्याच मालिकेतले एक अतिशय स्वच्छ कार्ड अमेरिकेत गाजत होते. त्याच्या कडा कापून ते नीटनेटके केले असावे, अशी कुजबुज अनेक वर्षे होती. विल्यम मास्ट्रो हा कार्डांच्या लिलावांतला अमेरिकेतला बडा माणूस. त्याच्या लिलावगृहात खोट्या बोली लावून किमती चढविल्या जात, अशाही तक्रारी होत्या. सरकारने तपास केला. २०१३ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, कार्डाच्या कडा आपणच कापल्याचेही मान्य केले, आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. हे प्रकरण वेळेआधी मोडलेल्या लिलावाचे नव्हे, खोट्या बोलीचे होते. पण धडा तोच. हौशी माणसांनी जपून ठेवलेले कागद आणि सोडून न दिलेली तक्रार यांना बड्या नावापुढेही शेवटी वजन येते.

आता कोणी म्हणेल, लिलाव थांबविणे नेहमीच वाईट काय? मुळीच नाही. उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे १८९८ मध्ये स्तूपाच्या उत्खननात भगवान बुद्धांच्या अस्थींबरोबर रत्ने सापडली होती. त्यांतली काही उत्खनन करणाऱ्या पेप्पे यांच्या घराण्यात राहिली. ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सोदबीज या संस्थेत त्यांचा लिलाव ठरला होता. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, बौद्ध बांधवांनी आवाज उठविला, आणि लिलाव पुढे ढकलला गेला. ३० जुलै २०२५ रोजी ती रत्ने गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने मायदेशी परतली. इथे लिलाव थांबला तो बोली सुरू होण्यापूर्वी, उघडपणे, जगाला सांगून. कोणाची बोली गिळली गेली नाही. थांबविणे आणि मोडणे यांत हाच फरक आहे.

आणि वेळ पाळली गेली म्हणून काय लाभ झाला, त्याचेही उदाहरण आपल्या घरचेच आहे. आपला भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. सेनासाहेबसुभा रघुजीराजे भोसले यांची तलवार लंडनला सोदबीजमध्ये लिलावास निघाली. लिलाव २९ एप्रिल २०२५ चा. बातमी इकडे पसरली ती आदल्या दिवशी. एका दिवसात महाराष्ट्र शासनाने मध्यस्थ नेमला, बोली लावली आणि तलवार मिळविली. सारा खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. कल्पना करा, की २८ तारखेच्या संध्याकाळी कोणा धनिकाने ‘आत्ताच द्या, उद्याची वाट कशाला?’ असे म्हणून ती उचलली असती. आपल्याला शेवटी बातमी मिळाली असती, तलवार मिळाली नसती. उशिरा कळलेल्या माणसाला संधी मिळते ती केवळ जाहीर वेळ पाळली जाते म्हणून. आणि या जगात गरिबाला आणि खेड्यातल्या माणसाला सर्व गोष्टी उशिराच कळतात.

म्हणून मी हा विषय कार्डांपाशी सोडणार नाही. आपल्या विदर्भानेच या देशाला उघड्या बाजाराचा धडा दिला आहे. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा पहिला नियंत्रित बाजार भरला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या काळी अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. कापूस ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा, आणि भाव रुमालाखाली! १९२८ च्या शेतकी आयोगाने अशा चालींवर बोट ठेवले. पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा आला, १४ एप्रिल २०१६ रोजी संगणकावरचा राष्ट्रीय कृषी बाजार सुरू झाला. रुमाल गेला. पण वेळेआधी बंद झालेला लिलाव हा नवा रुमालच आहे. त्याच्याखाली दोन हात भेटतात आणि बाकीचे पाहत राहतात.

बिडीच्या धंद्यात आमच्या भगिनींचे पहिले भांडण मजुरीच्या दराइतकेच छाटीचे असे. बाईने हजार बिड्या वळून आणावयाच्या, आणि सट्टेदाराने आत नेऊन ‘इतक्या छाट’ असे सांगावयाचे. आमची मागणी काय होती? छाटू नका असे आम्ही म्हटले नाही. वाईट बिडी वाईटच. आम्ही म्हटले, बाईच्या डोळ्यांसमोर छाटा, कारण सांगा आणि वहीत लिहा. लिलावाबाबत माझी मागणी याहून वेगळी नाही.

आपल्या गावोगावी हर्रास होतात. आठवडी बाजाराचा ठेका, देवस्थानच्या आंब्यांचा बहर, वादळात पडलेल्या झाडांचे लाकूड. १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार राज्याच्या नियंत्रणाखाली आला. वनहक्क कायद्यानंतर, २०१३ पासून, गडचिरोली-गोंदियाकडच्या काही ग्रामसभा आपला पत्ता स्वतः विकू लागल्या. ग्रामसभेला पत्त्याची बाजारातली किंमत कळणे कठीण. कंत्राटदाराला ती पाठ असते. लिलावाच्या आदल्या रात्री कोणी रोख पैशांची थैली घेऊन आला आणि म्हणाला, ‘उद्या कशाला, आजच ठरवू’, तर मघाच्या म्हाताऱ्या बाईची आठवण ठेवा. त्याची घाई ही तुमच्या पत्त्याची किंमत आहे. त्याला म्हणावे, ‘दादा, उद्या चारचौघांत या, आणि हाच आकडा मोठ्याने बोला.’

तेव्हा माझ्या सूचना अशा. एक: लिलावाची समाप्तीची वेळ आणि राखीव किंमत आरंभीच लिहून लावावी. दोन: पहिली बोली पडल्यावर, वस्तू नष्ट झाली किंवा वर्णन चुकले यांसारख्या आधी लिहिलेल्या कारणांवाचून लिलाव मोडू नये, मोडल्यास कारण आणि कारण देणाऱ्याचे नाव जाहीर करावे. तीन: मोडलेल्या लिलावातली वस्तू खासगी विकू नये; पुन्हा लिलावच करावा आणि जुन्या बोलीवाल्यांना कळवावे. चार: अखेरच्या मिनिटांत बोली आली तर वेळ थोडी वाढवावी. सरकारी आणि बँकांच्या अनेक संगणकी लिलावांत असा नियम आहेच, आणि तो उत्तम आहे. बोली जिवंत असेल तोवर दार उघडे राहावे.

तरुणांना वेगळे सांगतो. लिलाव मोडून ‘बाहेर या, स्वस्तात देतो’ असा निरोप आला तर जाऊ नका. आज तुमच्यासाठी जो दुसऱ्याचा लिलाव मोडतो, तो उद्या दुसऱ्यासाठी तुमचा मोडेल. शिवाय बाहेर दिलेल्या पैशांची जबाबदारी ती विक्रीची जागा घेत नाही. फसवणुकीत पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची तक्रार करा. व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. पैसे गेले नसून नुसती संधी गेली असेल, तर त्या विक्रीच्या जागेकडे लेखी तक्रार करा आणि आपल्यासारख्या इतरांना गाठा. एकट्याची तक्रार ही कुरकुर ठरते. दहाजणांच्या तक्रारींत तोच विक्रेता आणि तीच युक्ती दिसली की तिचे प्रकरण होते. संघटना याहून निराळी काय असते?

त्या नागपूरच्या मुलाला मी हेच सांगितले. त्याने शिव्या देणे थांबविले आणि वही घातली. कार्ड त्याला मिळालेले नाही. पण त्याच्यासारख्या आणखी चारजणांच्या नोंदी आता त्या वहीत आहेत, आणि त्यांची एकत्र तक्रार गेली आहे. उत्तर यावयाचे आहे. ते आले म्हणजे पुढचे पाऊल ठरवू.

चालकांनी मला पाऊण तास दिला होता, तो आता भरत आला.  प्रश्न असतील त्यांनी मंडपात थांबावे. मी बसलो आहे.